बंडोपंतांचा अन्नत्याग

“गॅसची ही खालची कळ झोपताना आठवणीनं बंद करायची,” मी तिला दाखवत होते, आणि ती माझ्याकडे न बघता जेवणाच्या टेबलाखाली बघत होती.

“काकू, हा सकाळपासून इथेच आहे?”

“सकाळपासून कसला, मुक्कामच ठोकलाय तिथे. तू कळ बघून घे आधी.”

तिनं कळ बघितली, फिरवून परत लावली आणि पुन्हा खाली वाकली. टेबलाखाली आमचे बंडोपंत पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडले होते. समोरच्या थाळीत सकाळचा दूधभात तसाच होता, वर साय धरलेली.

“जेवत नाही का?”

“नाही.”

“कधीपासून?”

“आमचे हे गेल्यापासून,” मी म्हटलं. हे वाक्य तोवर इतक्या जणांना सांगून झालं होतं, की ‘उद्यापासून अर्धा लिटर जास्त टाका’ असं दूधवाल्याला सांगावं, तसं ते माझ्या तोंडून निघायचं.

या गोष्टीला आता पाच-सहा वर्षं झाली. ती मुलगी म्हणजे आश्लेषा जगदाळे. मुलगी म्हणायचं, पण तिशी उलटलेली होती. घरबसल्या भाषांतराची कामं करायची, आणि लोक परगावी गेले की त्यांच्या घरी राहून कुत्री-मांजरं सांभाळायची. नाशकात असं काही मिळतं याचा मला पत्ताच नव्हता. माझ्या लेकीनं, मृण्मयीनं, ते जर्मनीत बसून शोधून काढलं. मृण्मयीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, अशी आपली रीत. इथे माहेरच उठून लेकीकडे चाललं होतं, एवढाच फरक. तीन महिन्यांसाठी जायचं, आणि परवा पहाटे मुंबईला जायला गाडी येणार होती. म्हणून आश्लेषा दोन दिवस आधीच राहायला आली होती. तिला घराची सवय व्हावी, आणि घराला तिची.

बंडोपंत हे नाव यजमानांनी ठेवलेलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि धरणाच्या रस्त्याला सापडलेलं हे गावठी पिल्लू कोटाच्या खिशातून घरी घेऊन आले. त्याच्याशी अहोजाहो बोलायचे. “चला बंडोपंत, निघायचं का?” माझ्याशी इतक्या अदबीनं कधी बोलल्याचं मला स्मरत नाही. मी आपली बंड्या म्हणायची. अंघोळ, जंताचं औषध, गोचिड्या काढणं, ओकलेलं पुसणं माझ्याकडे. सकाळचं फिरणं आणि कौतुक त्यांच्याकडे. म्हणजे कुत्रं त्यांचं, हे सगळ्या गल्लीला मान्य होतं आणि मलाही.

पौषातल्या एका सकाळी दोघं फिरून आले. ह्यांनी पट्टा खुंटीला अडकवला, “चहा टाक गं” म्हणाले, आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चहा मी टाकलेला होता. तो उकळून वर आला तेव्हा मी गॅस बंद केला. माझं तेवढं मला आठवतं.

पुढे काय झालं ते सगळं दिसलं, पण काचेच्या पलीकडून. मला रडू आलं नाही. लोकांना त्याची फार काळजी. “रडवा गं तिला कोणीतरी,” असं आतल्या खोलीत कुजबुजायचे, मला ऐकू यायचं. एका बाईंनी तर माझा हात हातात घेऊन विचारून बघितलं, “आता कुणासाठी गं चहा करशील?” मी म्हटलं, “तुम्ही घेणार का?” त्या उठून गेल्या. भूक मात्र मला वेळच्या वेळी लागायची, आणि त्याची लाज वाटायला हवी एवढंही माझ्यात उरलेलं नव्हतं.

त्यात बंड्यानं जेवण टाकलं. मग काय विचारता! येणारा प्रत्येक जण आधी त्याच्यापुढे बसायचा. कोणी फोटो काढला, कोणी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आणि त्याखाली हात जोडलेली चित्रं पडली. मुका जीव असून त्याला कळतं, आणि बघा, इथे जितीजागती बायको. हे शेवटचं कोणी लिहिलं नव्हतं, पण वाचता येत होतं. खरं सांगते, मला राग नाही आला. उलट बरंच वाटलं. घरातलं ते काम कोणीतरी अंगावर घेतलंय, आता मी नुसती भांडी घासली तरी चालेल, असं वाटलं.

तर आश्लेषाला मी घर दाखवत होते. मागच्या दाराची कडी जरा उचलून मगच सरते. मोरीतला नळ डावीकडे जास्त फिरवायचा नाही, हातात येतो. कुरिअरवाल्यावर भुंकतो, दूधवाल्यावर नाही. वरातीचा डीजे वाजायला लागला की पंत स्वतःहून न्हाणीघरात जाऊन बसतात. दार लोटायचं, पण कडी घालायची नाही. घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे पंत शाकाहारी. बाहेर काय खायचे ते पंतांना आणि ह्यांना ठाऊक.

“मी बाहेरून काही आणलं तर चालेल ना काकू?”

“तू खा गं बाई काय हवं ते. फक्त भांडी वेगळी ठेव.”

ती हसली. मग झोपायची खोली दाखवली. पलंगाशेजारी जमिनीवर माझी मोठी बॅग उघडी पडलेली होती, अर्धी भरलेली. आम्ही आत गेलो तसा बंड्याही टेबलाखालून उठून मागे आला. उंबऱ्यात थांबला, बॅगेकडे बघितलं आणि परत फिरला.

“चालतोय तर नीट,” आश्लेषा म्हणाली. “पण बरगड्या दिसायला लागल्यात.”

“डॉक्टरांकडे नेऊन आणलं. रक्त तपासलं, पोट चाचपलं. दुखणं काही नाही म्हणतात. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर सलाइन लावू म्हणाले.”

तेवढ्यात बेल वाजली. कुमुद वन्सं आल्या होत्या. ह्यांची थोरली बहीण. पंचवटीत मुलाकडे राहतात. एका हातात काठी, दुसऱ्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा.

“मृण्मयीला सांग, रोज सकाळी एक, आणि वर गरम दूध.” मग त्यांनी आश्लेषाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “ही का ती? कुत्रं राखायला?”

“हो. आश्लेषा.”

“काय एकेक निघालंय! आमच्या वेळी कुत्री घर राखायची, आता माणसं कुत्री राखतात. तू झोपणार कुठे गं? मधूच्या पलंगावर नाही ना?”

“नाही आजी, बाहेर दिवाणावर.”

“हां.” वन्संचं समाधान झालं. त्या खुर्चीत टेकल्या आणि टेबलाखाली बघून त्यांचा चेहरा लगेच उतरला. “बिचारा! मधू गेल्यापासून अन्नाला शिवला नाही. जनावराची माया बाई, माणसाला नाही यायची.”

मी त्यांना पाणी दिलं. आश्लेषा मात्र उभीच होती.

“काकू, स्पष्ट बोलते, राग मानू नका. खात नसलेलं कुत्रं मी एकटीनं ठेवून घेऊ शकत नाही. तुम्ही तिकडे लेकीच्या बाळंतपणात, आणि इथे माझ्या ताब्यात असताना ह्याचं काही झालं, तर मी काय करू? तुम्हाला फोन करून सांगू?”

“मग काय म्हणतेस?”

“आज-उद्यात त्यानं चार घास खाल्ले तर मी आहे. नाही तर नका ठेवू माझ्यावर.”

“म्हणजे शैलजानं जायचं नाही?” वन्संचा आवाज चढला. “अगं, पोर तिकडे एकटी आहे! तिच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरं कोण जाणार?”

“तुम्ही ठेवता का आजी ह्याला?”

“मी? नको गं बाई, आमच्या सूनबाईला दमा आहे.”

नेमका तेव्हाच मृण्मयीचा फोन आला. तिला काही सांगायचं नाही असं मी ठरवत होते, पण वन्संनी खुर्चीतूनच मोठ्यानं सांगून टाकलं.

“आई, तू येणार आहेस ना?”

“बघते.”

“बघते काय? मला भीती वाटते गं. रात्री झोप लागत नाही. बाबांचंही असं झालं… मला तू हवी आहेस इथे.”

“येते गं. ठेव आता.”

मी फोन ठेवला. लेक रडत होती, आणि मला वाटलं काय, तर फोनचं चार्जिंग संपत आलंय. इतकी मी बथ्थड झाले होते.

आश्लेषा जमिनीवर मांडी घालून बसली होती, बंड्यापासून हातभर लांब. “एक उपाय करून बघू. ह्याच्या माणसाचा न धुतलेला कपडा पाहिजे, अंगावर घातलेला. वास असतो ना. तो अंथरुणात ठेवला की बरीच कुत्री शांत होतात. काकांचं काही आहे?”

“न धुतलेलं?” वन्सं म्हणाल्या. “सुतक फिटल्यावर घरात न धुतलेलं काही ठेवतात का कुठे? मी स्वतः उभी राहून सगळं धुऊन घेतलंय. चादरी, पडदे, अभ्रे, झाडून सगळं गरम पाण्यातून काढलं. मधूचे कपडे धुऊन, इस्त्री करून वृद्धाश्रमात दिले. ह्या पंतांची गोधडीसुद्धा सोडली नाही.”

“चप्पल वगैरे?”

“दिल्या.”

आश्लेषानं माझ्याकडे बघितलं. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि वरच्या फळीवरचा चकल्यांचा डबा खाली काढला.

“ह्यात काय आहे?” वन्संनी विचारलं.

“त्यांचा स्वेटर.”

तपकिरी स्वेटर, मीच विणलेला, कोपरांवर विरलेला. फिरायला जाताना हाच घालायचे. त्या सकाळीही अंगात तोच होता. डॉक्टरांनी तपासताना काढून बाजूला टाकला, आणि लोक जमायच्या आत मी तो डब्यात घालून झाकण लावलं. का, ते विचारू नका, मला तेव्हाही सांगता आलं नसतं. त्यानंतर डबा उघडला नव्हता. उघडला की जे काही आत आहे ते उडून जाईल, असं वाटायचं.

“शैला! अगं, मयताच्या अंगावरचा!” वन्सं ओरडल्या. मग आवाज एकदम खाली आला. “मधूचा आहे?” त्यांनी हात पुढे केला.

“हात नका लावू, वन्सं.”

त्यांनी हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काही करू नका म्हणाले असेन, आणि त्यांनी ऐकलं.

आश्लेषाच्या लक्षात आलं असावं. “काकू, राहू द्या. दुसरं काही बघू आपण.”

“दुसरं काय आहे?”

“तीन महिने ह्याच्या अंगाखाली राहिला तर ह्यात काही उरणार नाही. नुसता कुत्र्याचा वास येईल.”

“कळतंय मला.”

“एकदा विचार करा.”

“विचार काय करायचा? माझी लेक अडलीय तिकडे. आणि ज्याचं दुःख त्याला मिळू दे की. मी काय, नुसता डब्यात घालून ठेवलाय.”

मी झाकण काढलं, आत न बघता स्वेटर उचलला आणि टेबलाखाली बंड्याच्या नाकाशी ठेवला. मी श्वास धरून ठेवला होता, तो स्वेटर हातातून सुटल्यावर सोडला.

बंड्यानं मान उचलली. आधी गळ्यापाशी हुंगलं, मग एक बाही, मग दुसरी. शेपटी जमिनीवर दोन-चारदा आपटली. “ओळखलं! ओळखलं त्यानं!” वन्संनी डोळ्यांना पदर लावला. बंडोपंत उभे राहिले. स्वेटर ओलांडून सरळ चालत झोपायच्या खोलीत गेले.

आम्ही तिघीही मागोमाग गेलो. त्यानं पलंगाच्या कडेवरून माझा कालचा गाऊन ओढला, तो तोंडात धरून उघड्या बॅगेत चढला, एक गिरकी घेतली आणि गाऊनवर हनुवटी ठेवून बसला.

“अगबाई! बारशाची पैठणी आहे ना रे खाली, मेल्या!” वन्सं काठी घेऊन पुढे झाल्या.

“थांबा आजी,” आश्लेषा म्हणाली. “काकू, ही बॅग माळ्यावरून कधी काढलीत?”

“झाला असेल आठवडा.”

“आणि ह्यानं खाणं कधी सोडलं?”

“सांगितलं ना, मधू गेल्यापा—”

“नाही,” मी म्हटलं.

वन्संनी माझ्याकडे वळून बघितलं. मला एकेक आठवत होतं. पहिले दोन-तीन दिवस घरात गर्दी होती तेव्हा तो दिवसा खात नव्हता, पण सगळे पांगले की माझ्या हातून खायचा. तेराव्याला त्यानं माझ्या पानातली बुंदी चाटूनपुसून खाल्ली होती. नंतर रोज थाळी रिकामी. रोज मीच ती घासत होते. पण लोक म्हणत होते कुत्र्यानं अन्न सोडलंय, म्हणून मीही म्हणत होते, आणि रिकामी थाळी घासून पालथी घालत होते.

“बॅग काढल्यापासून,” मी म्हटलं. “तेव्हापासून खात नाहीये.”

“म्हणजे हा मधूसाठी नाही?” वन्संना ते सहन होईना. “गुलाम कुठला! तळहाताच्या फोडासारखा जपला त्याला माझ्या भावानं!”

“आजी, त्याला जपलं असेल काकांनी. पण तो यांच्या मागे-मागे आहे. आल्यापासून बघतेय मी.”

मी स्वयंपाकघरात जाऊन ताजा दूधभात कालवला आणि बॅगेशेजारी फरशीवर बसले. “खा रे बंड्या. मी परत येणार आहे, मेल्या. कायमची नाही चालले.” त्यानं आधी माझी बोटं हुंगली. मग एक घास घेतला. मग दुसरा. थोड्या वेळानं थाळीत तोंड घालून चपचप खायला लागला, पैठणीवर शितं सांडत.

“जमेल काकू,” आश्लेषा म्हणाली. तिच्या आवाजात इतकं हसू होतं, की तिलाही दिवसभर धाकधूक होती हे मला तेव्हा समजलं. “हा गाऊन धुऊ नका. असेच आणखी एक-दोन वापरून ठेवून जा. आणि रोज फोनवर त्याच्याशी बोला. मी आहे.”

“मृण्मयीला कळवते,” मी म्हटलं आणि उठले. परवा निघायचं नक्की झालं होतं. साडी झटकायला हवी होती, बॅग भरायला हवी होती.

फोन टेबलावर राहिला होता. तो घ्यायला गेले तर स्वेटर खाली फरशीवर पडलेला, एक बाही लांब केलेली. कोणालाच तो नको होता. वन्सं मागून आल्या.

“बरं झालं बाई, मार्ग निघाला. तुझं जायचं झालं.” मग हळूच म्हणाल्या, “शैला, मग हा मी धुऊन टाकू का आता?”

मी वाकून तो उचलला. वन्सं रडल्या होत्या, त्यांच्या घरी जाऊन. मृण्मयी रडली होती, तिकडे तिच्या घरी. या घरात मी समजत होते की एक जण रात्रंदिवस ह्यांच्यासाठी बसून आहे, घराचा वाटा तो उचलतोय. तो माझ्यासाठी बसला होता. ह्यांच्यासाठी या घरात कोणीच बसलं नव्हतं. इतका चांगला माणूस, ‘चहा टाक गं’ म्हणून गेला, आणि त्याच्या घरातल्या कोणी त्याच्या नावानं एक टिपूस गाळलं नव्हतं.

“दे इकडे,” वन्सं म्हणाल्या. “गरम पाण्यात घालते.”

“थांबा. मी अजून घेतला नाही.”

“काय घेतलं नाहीस?”

मी स्वेटरात तोंड घातलं. तंबाखूचा नाही, अत्तराचा नाही, दुसऱ्या कशाचाही नाही, त्यांचाच वास होता. मी तिथेच टेबलाच्या पायाशी बसले. माझ्या घशातून कसला तरी आवाज येत होता, तो मला थांबवता येईना. आश्लेषा धावत आली. “काकू! काकू, काय झालं? पाणी आणू?”

वन्संनी तिला हातानं अडवलं. त्या काठी टाकून माझ्याशेजारी खाली बसत होत्या.

“राहू दे गं, बोलू नकोस तिच्याशी,” त्या म्हणाल्या. “मधू गेल्याचं तिला आत्ता कळतंय.”